तार तुटते तिथलं टोक

जालन्यात माझ्याबद्दल एक अफवा बरीच वर्षं टिकून होती. साळवे मॅडम कॉलेजात सोन्याच्या तारा बनवतात, अशी.

अफवेचा उगम मला ठाऊक आहे. एका तरुण बातमीदाराने माझी मुलाखत घेतली होती. ‘सोन्याच्या दोन टोकांच्या मधे एकच रेणू अडकवला, तर त्यातून वीज कशी वाहील, याचं गणित मी करते,’ असं मी त्याला सांगितलं. त्याने ते मान डोलावत लिहून घेतलं. छापून आलं तेव्हा वर ठळक मथळा होता, ‘जालन्याच्या प्राध्यापिकेचे सोन्यावर संशोधन’. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. एक बाई मंगळसूत्राच्या वाट्या घेऊन आल्या. ‘खऱ्या हायेत का बघा तेवढं, सासूनं दिल्यात,’ म्हणाल्या. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्टीवरचे एक मुकादम रुमालात काळा खडा बांधून आले. खड्यात पिवळं काहीतरी चमकत होतं.

‘हे मला तपासता येत नाही हो,’ मी म्हटलं. ‘मी तसली केमिस्ट नाही.’

‘मंग कसल्या हायेत तुम्ही?’

मुकादमांनी सरळ मनाने विचारलं होतं. मला मात्र दोन मिनिटांत उत्तर जमलं नाही. ते पाणी पिऊन, खडा परत रुमालात बांधून निघून गेले. आता मी निवृत्त आहे आणि संपादकांनी पानंही मोकळ्या हाताने दिली आहेत, तर मुकादमांचं उत्तर देऊन टाकते.

मी सैद्धान्तिक रसायनशास्त्र करते. म्हणजे रसायनं न हाताळता रसायनशास्त्र. मुलांना शिकवताना सोडलं तर एकतीस वर्षांत मी संशोधनासाठी एकही परीक्षानळी हातात धरली नाही. एखादा रेणू बनवण्याआधीच तो कसा वागेल हे कागदावर आणि संगणकावर मांडून बघायचं, हे माझं काम. माझा विषय त्यातही अरुंद. मोबाइलमध्ये, संगणकात वीज खेळवणारे जे बारीक भाग असतात, ते आणखी बारीक, आणखी बारीक करत नेले तर शेवटी हाती एक रेणू उरेल. तो तारेचं काम करील का? बटणाचं करील का? याचा विचार करणारी माणसं जगात थोडी. त्यातली एक जालन्यात बसत होती, एवढंच.

या वाटेला मी लागले ती बाबांमुळे. ते अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. शिक्षण सातवी. उसाचा रस गाळून लांब काचेच्या नळीत भरायचा, नळी यंत्रात ठेवायची आणि डोळा लावून रसात साखर किती ते वाचायचं, हे ते साहेबांच्या शेजारी उभे राहून शिकले होते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एका दुपारी त्यांनी मला स्टुलावर उभं केलं.

‘डोळा लाव. काय दिसतं?’

‘गोल. अर्धं उजेडाचं, अर्धं काळं.’

‘आता हे चाक फिरव. दोन्ही अर्धं सारखं होईस्तोवर.’

फिरवलं. सारखं झालं.

‘जितकं फिरवलं तितकी साखर. आता सांग, साखर तुला दिसली का? न्हाई. पण तिनं उजेडाला वळवलं, अन् ते तुला दिसलं.’

पुढे मी त्यामागचं सगळं शास्त्र शिकले, शिकवलंही. पण सातवी शिकलेल्या माणसाने तीन वाक्यांत सांगितलं त्याहून सोपं मला अजून सांगता येत नाही. जे दिसत नाही त्याचा माग जे दिसतं त्यावरून काढायचा. माझा सगळा धंदा एवढ्यात आला.

बेंगळुरूला पीएच.डी. झाली, मग तीन वर्षं जर्मनीत काढली. तिथेच राहायचं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात आईला अर्धांगवायू झाला. मी परत आले आणि जालन्याच्या एका कॉलेजात नोकरी धरली. तिकडच्या सहकाऱ्यांची पत्रं आली ती वाचून कुणाला वाटलं असतं, अर्धांगवायू मलाच झालाय. संशोधन संपलं, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. पण माझ्या कामाला भट्टी लागत नाही, महागडी यंत्रं लागत नाहीत. प्राचार्यांनी मला जुनं सामान ठेवायची एक खोली रिकामी करून दिली. तिथे मी पाच जुने संगणक एकमेकांना जोडले आणि काम सुरू केलं.

त्या खोलीने माझी परीक्षाही पाहिली. एकदा एक मोठं गणित सलग दहा दिवस चालू होतं, अकराव्या दिवशी उत्तर येणार. दहाव्या दिवशी स्नेहसंमेलनाच्या स्पीकरवाल्याने जवळचा प्लग म्हणून आमचाच प्लग काढला आणि आपला लावला. मी धावत गेले तेव्हा तो माइकवर ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणत होता. त्याला काय बोलणार? त्याला वाटलं, खोलीत कुणी नाही म्हणजे कुणी काम करत नाही.

शिवाय भारनियमन होतं. रोज कित्येक तास वीज नाही. सुरुवातीला मी चडफडायचे. मग वही-पेन्सिल काढायची सवय लागली. लहान रेणूचं ढोबळ गणित पेन्सिलीने होतं, आणि हाताने करताना रेणू ओळखीचा होतो, तसा संगणकात बघून होत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाकीत त्या बिनविजेच्या तासांमध्ये झालं. सगळ्यात मोठी चूकही त्याच भाकिताला चिकटून आली. आज तेच सांगायचं आहे.

सहा कोपऱ्यांचं एक कडं डोळ्यांसमोर आणा. कार्बनचे सहा अणू, हातात हात धरून उभे असल्यासारखे. एका कोपऱ्यातून वीज आत सोडली आणि बरोबर समोरच्या कोपऱ्यातून बाहेर काढली, तर तिला दोन वाटा मिळतात, डावीकडून तीन पावलं, उजवीकडूनही तीन. वीज इतक्या बारीक पातळीवर लाटेसारखी वागते. दोन्हीकडून लाटा एकदमच येऊन पोचतात, एकमेकींना जोर देतात आणि वीज झपकन वाहते. आता बाहेर पडायचं दार एक कोपरा अलीकडे घ्या. एका बाजूने दोन पावलं, दुसरीने चार. अंबडच्या बारवेत दोन दगड टाकून लाटा बघितल्या असतील तर कळेल, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की पाणी तिथे जागच्या जागी शांत दिसतं. तसंच इथे होतं. दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि वीज बंद. रेणू तोच, दार एक कोपरा सरकवलं, आणि तारेचं बंद बटण झालं.

हे तत्त्व माझं नव्हे, आधीपासून माहीत होतं. मी त्यावर एक नवा रेणू रचला. मधे तसं कडं, दोन्हीकडे लांब हात, हातांच्या टोकाला सोन्याला पकडून ठेवणारे गंधकाचे अणू. हात समोरासमोरच्या कोपऱ्यांना लावले तर तो चालू रेणू, एक कोपरा अलीकडे लावला तर बंद रेणू. माझ्या गणितानुसार चालू रेणूच्या तुलनेत बंद रेणूतून हजार पटीने कमी वीज जायला हवी होती. लेख छापून आला. हैदराबादच्या एका संस्थेतल्या राव सरांनी तो वाचला आणि कळवलं, आम्ही हा रेणू बनवून मोजतो.

बनवायचं काम त्यांची विद्यार्थिनी नाझिया हिच्याकडे आलं. नाझिया परभणीची. पहिल्यांदा फोन आला तेव्हाच म्हणाली, ‘मॅडम, आपण शेजारीच हाव.’ तिला तो रेणू बनवायला दीड वर्ष लागलं. मी पेन्सिलीने एका दुपारी काढला होता.

मोजायची रीत अशी. सोन्याची टोकदार तार सोन्याच्या पत्र्यावर टेकवायची आणि सावकाश वर ओढायची. सोनं ताणलं जातं, बारीक होत होत एका अणूइतकं उरतं आणि तुटतं. त्या फटीत आजूबाजूचा एखादा रेणू शिरून दोन्ही बाजूंना धरतो. तेवढ्या क्षणात वीज मोजायची. मग परत टेकवायचं, परत ओढायचं. हजारो वेळा.

नाझियाने मोजलं. चालू रेणू बरोबर वागला. बंद रेणू मात्र पुरता बंद होईना. हजारपट सोडा, जेमतेम चारपट फरक. कुठूनतरी वीज गळत होती.

राव सरांनी आकडे पाठवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी त्यांना दोन ओळींची मेल केली. ‘नमुना शुद्ध नसावा. चालू रेणू त्यात मिसळलेला दिसतो, कृपया पुन्हा शुद्ध करून मोजावे.’ त्या दोन ओळींना मला चार मिनिटंसुद्धा लागली नसतील. माझं गणित तीनदा तपासलेलं होतं, परदेशातल्या लोकांनी वाखाणलेलं होतं. चूक करणारे हातच असणार, असं मी धरलं. हात चुकतात, गणित चुकत नाही. या समजुतीत मी निम्मं आयुष्य काढलं होतं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर हैदराबादहून काही आलं नाही. मी परीक्षांत, पेपरांत, आईच्या औषधपाण्यात गुंतले होते. एक दिवस नाझियाचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

‘मॅडम, चार वेळा शुद्ध केलं. सगळ्या तपासण्या करून घेतल्या, बाहेरून बी केल्या. तुम्हाला पाठवल्यात. आकडा बिलकुल हलत न्हाई. माझी पीएच.डी.ची मुदत संपून राह्यली. अजून काय करू, तेवढं सांगा.’

मी तपासण्या उघडून पाहिल्या. इतका स्वच्छ नमुना मी क्वचितच पाहिला असेल. चहा समोर होता तो तसाच राहिला. एका मुलीच्या उमेदीतलं एक वर्ष मी दोन ओळींत खर्ची घातलं होतं, आणि तिच्या नमुन्यात खोट नव्हती. मग खोट कुठे होती? मी माझं गणित पुन्हा केलं. पेन्सिलीने केलं, संगणकावर केलं. तीन आठवडे केलं. उत्तर तेच. हजारपट.

याच सुमाराला मी जुन्या जालन्यात आईच्या कानातल्याचा फिरकीचा दांडा तुटला म्हणून भवरलालजींच्या दुकानी गेले. भवरलालजी सराफ. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इथे आले, पण भवरलालजींची मराठी माझ्यापेक्षा अस्सल जालन्याची. बातमी छापून आली होती तेव्हा ते स्वतः कॉलेजात आले होते. ‘आपल्या गावात बाई सोन्यावर काम करून राह्यल्या अन् आम्हाला पत्ता न्हाई?’ म्हणत. सोनं फक्त संगणकात आहे म्हटल्यावर हिरमुसले होते, पण तेव्हापासून भेटले की चौकशी करायचे.

त्या दिवशी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, ‘काय मॅडम, तुमच्या तारेतून करंट न्हाई जात?’

‘नको तिथून जातोय, भवरलालजी. कुठून जातोय तेच कळत नाही.’

मी त्यांना थोडक्यात सांगितलं. तार ओढतात, ती तुटते, फटीत रेणू बसतो. ते ऐकून म्हातारा उठलाच. ‘तार ओढायचं आम्हाला सांगता? या मागं.’

दुकानामागे छोटीशी कामाची खोली होती. भिंतीला एक पोलादी पट्टी ठोकलेली, तिच्यात मोठ्यापासून लहान होत जाणारी भोकं. एकेका भोकातून तार ओढत न्यायची, की बारीक होत जाते. आता हे काम यंत्रावर होतं, पण भवरलालजींचा हातावर विश्वास होता. त्यांनी चिमट्यात धरून तार ओढून दाखवली. केसासारखी झाली.

‘आता ही तुटेपर्यंत ओढा,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कुणाच्या लेकराला मारायला सांगितलं होतं. ‘सोनं तोडू? मुद्दाम?’

‘एकदा. मला टोक बघायचंय.’

‘एकदा बघून काय कळणार? दहादा बघा,’ म्हणाले, आणि खरंच दहा वेळा तोडली. मी डोळ्याला त्यांचं भिंग लावून एकेक टोक पाहिलं. एक सुईसारखं निमुळतं. एक आकड्यासारखं वाकलेलं. एक एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला बोंडासारखं. दहात दोन सारखी नव्हती.

‘तार जिथं तुटती, तिथं तिच्या मर्जीनं तुटती,’ भवरलालजी म्हणाले. ‘टोक दर वेळेला येगळं. तुमच्या कागदावर ते कसं हाय?’

‘सपाट. दोन्हीकडून आरशासारखं.’

ते मोठ्याने हसले. ‘असं टोक मी पन्नास वर्षात पाह्यलं न्हाई, मॅडम.’

वाचकहो, मला हे माहीत नव्हतं असं नाही. या विषयातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की टोकं वाकडीतिकडी असतात. पण गणित सोपं व्हावं म्हणून आम्ही ती सपाट धरतो, आणि पुढे, आपण धरलंय, हे विसरतो. विसरलेलं गृहीतक चुकीच्या आकड्यापेक्षा वाईट. चुकीचा आकडा तपासताना सापडतो. हे सापडत नाही, कारण तपासायच्या यादीत ते नसतंच. मी तीन आठवडे बेरीज तपासत होते आणि पाया बघतच नव्हते.

भिंगातून ते निमुळतं टोक बघताना मला एकदम दिसलं. फट नुकतीच पडलेली असताना रेणूला ताठ उभं राहायला जागाच नाही. तो आडवा पडणार, आणि सोन्याचं निमुळतं टोक त्याच्या मधल्या कड्याला अंगाने चिकटणार. मग विजेला माझ्या दारातून जायचं कारणच काय? ती मधूनच कड्यात उतरणार. दोन वाटा, दोन लाटा, सगळं टाळून. म्हणजे गळती नाझियाच्या नमुन्यात नव्हती, माझ्या आरशासारख्या सोन्यात होती.

कानातलं तिथेच विसरून मी घरी आले.

पुढचे चार महिने वाकड्या टोकांचं गणित केलं. तब्बल चाळीस तऱ्हेची टोकं. आडवा रेणू गळतो, आणि किती गळतो, तर नाझियाने मोजलं तितकाच. पण गणिताने आणखी एक गोष्ट सांगितली. तार अगदी हळू ओढत राहिलं, तर फट रुंदावेल, रेणू सोन्यावरून सुटत सुटत ताठ उभा राहील, आणि हात सुटण्याआधी क्षणभर का होईना, वीज माझ्या मूळ आकड्यावर खाली येईल. राव सरांकडे तार झपाट्याने ओढायचे, कारण हजारो मापं घ्यायची असतात. तो क्षण त्यांच्या हातून निसटून जात असणार.

या सगळ्यावर पुढे लेख लिहिला तेव्हा आभारांमध्ये भवरलालजींचं नाव घातलं. त्या संशोधन-मासिकाच्या संपादकांनी विचारलं, हे कोणत्या संस्थेत असतात? मी कळवलं, सराफ बाजार, जुना जालना. तसंच छापून आलं. भवरलालजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘नाव बराबर हाय. पण दुकान सोमवारी बंद असतं, ते बी टाकायचं होतं.’

पण लेख नंतरचा. त्याआधी मला हैदराबादला जायचं होतं. फोनवर सांगता आलं असतं. मेलवर तर फारच सोपं होतं, दोन ओळीच लागल्या असत्या. म्हणूनच मी गाडीत बसले.

राव सरांच्या खोलीत त्यांची सगळी मुलं जमली होती. मी फळ्यावर सपाट टोक काढलं, शेजारी वाकडं काढलं, आणि सांगितलं की दीड वर्षापूर्वी मी नमुना अशुद्ध असल्याचं लिहिलं होतं, ते चूक होतं. नमुना पहिल्या दिवसापासून शुद्ध होता. मी न तपासता लिहिलं. नाझियाची मी माफी मागते. राव सर ‘इतकं कशाला, मॅडम’ म्हणत उठायला लागले. मी त्यांना बसवलं आणि नाझियाच्या मुदतवाढीसाठी लिहून आणलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं. विलंबाचं कारण म्हणून त्यात मी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

नाझिया मागच्या रांगेत बसली होती. ठेंगणी, कपाळावर आठी, हातावर ॲसिडचे दोन जुने डाग. सगळे पांगल्यावर ती मला प्रयोगशाळेकडे घेऊन निघाली आणि जिन्यात थांबली.

‘मॅडम, एक बोलू? राग येईल तुम्हाला.’

‘बोल.’

‘तुमची मेल आल्ती त्या दिवशी मी सरांना म्हणाले, मॅडम चुकल्यात. सर म्हणाले, त्या मोठ्या हायेत, एकदा करून बघ. एकदा केलं. मंग दुसऱ्यांदा केलं. चौथ्यांदा करताना मलाच वाटाया लागलं, माझ्याच हातात घाण हाय. घरी भाकरी करताना बी हात दोनदोनदा धुवायचे मी.’

‘खरं आहे,’ एवढंच मी म्हटलं. तिने ‘जाऊ द्या मॅडम’ म्हटलं नाही, याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. म्हटलं असतं तर मी लगेच हलकी झाले असते, आणि ते मला एवढ्या स्वस्तात मिळायला नको होतं.

पुढचं कुणाला काळजी राहू नये म्हणून इथेच सांगते. मुदत वाढली, प्रबंध झाला, आणि आज नाझिया स्वतः एका विद्यापीठात शिकवते. नव्या लोकांचे आकडे माझ्या गणिताशी जुळत नाहीत तेव्हा मी तिला आधी फोन करते. आईची शुश्रूषा करत, पाच जुन्या संगणकांवर, बाबांच्या यंत्रापासून शंभर किलोमीटरच्या आत, मला मनासारखं काम करायला मिळालं, हे भाग्य तर आहेच. पण मला माझी चूक भिंगातून दाखवणारा एक माणूस मिळाला आणि ती तोंडावर सांगणारी एक मुलगी मिळाली, हे त्याहून मोठं.

हैदराबादच्या त्या दुपारी मात्र मुदतवाढ, प्रबंध यातलं काहीच घडलेलं नव्हतं. माझं नवं गणितही अजून कागदावरच होतं, आणि कागदावर मी याआधी एकदा तोंडघशी पडले होते.

मोजण्याचं यंत्र टेबलावर एका जाड पेटीत होतं. रस्त्यावरून ट्रक गेला तरी माप हलतं, म्हणून पेटी स्प्रिंगांवर टांगलेली. नाझियाने ओढण्याचा वेग कमी केला, आणखी कमी केला. मग बाजूला सरकली.

‘घ्या मॅडम. तुम्ही ओढा.’

‘मी? मला नाही येत.’

‘येतं. आधी ग्लोव्ह घाला. हे बटण दाबलं की ओढतं.’

मी बटण दाबलं. पडद्यावर किती वीज वाहते ते दाखवणारी रेघ पायऱ्या उतरत आली आणि सरळ तळाला गेली. ‘तुटली. रेणू न्हाई बसला,’ नाझिया म्हणाली. परत टेकवलं, परत दाबलं. पुन्हा तळाला. सातव्या खेपेला रेघ मधेच अडकली, एक छोटा कट्टा तयार झाला, आणि मग तळाला. ‘हा आडवा पडलेला,’ ती म्हणाली. ‘हाच मला वर्षभर दिसला.’ नववी, दहावी, अकरावी गेली. माझ्या ग्लोव्हमध्ये घाम आला होता. बंद खोलीत बसून रेणूंना हुकूम सोडणं सोपं असतं, त्यातला एकही ऐकत नाही हे समोर बसून बघणं अवघड. ही मुलगी हे रोज बघत होती.

चौदाव्या खेपेला रेघ पायऱ्या उतरली, त्या ओळखीच्या कट्ट्यावर थांबली, आणि तिथून तळाला न जाता आणखी खूप खाली एका बारीक कट्ट्यावर उतरली. तिथे राहिली. डोळ्याची पापणी लवेल इतकाच वेळ. मग गेली.

नाझियाने आकडा वाचला. माझा आकडा मला पाठ होता, तिलाही पाठ होता. दोन्ही आकडे जुळत होते.

‘उभा राह्यला,’ ती म्हणाली.

वीसेक वर्षं मी रेणूंबद्दल लिहीत होते. समोर उभा राहिलेला एक रेणू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला हसूही आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि ग्लोव्ह घातलेल्या हाताने ते पुसता येईना.

नाझियाने प्रयोगाची वही ओढून घेतली. प्रत्येक मापाखाली दोन रकाने होते, ‘प्रयोग करणारे’ आणि ‘तपासणारे’. पहिल्या रकान्यात तिने सावकाश, नीट अक्षरात माझं नाव लिहिलं. मग आकडा पुन्हा एकदा पडद्याशी ताडून पाहिला, आणि ‘तपासणारे’ या रकान्यात स्वतःची सही केली.